संपूर्ण संगणकासाठी प्रॉक्सी सेटिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्राउझर चालतो पण टर्मिनल अडते, टर्मिनल चालते पण अपडेट येत नाहीत, घरी गेल्यावर काहीच उघडत नाही. प्रॉक्सीच्या मागे बसून काम करणाऱ्यांच्या तक्रारी बहुतेक याच असतात, आणि त्यांचे मूळही बहुतेक वेळा एकच असते. ते दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात सापडेल. घाई असेल तर तिथूनच सुरुवात करा. कमांड, फाइल आणि व्हेरिएबल यांची नावे इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. संगणकावर ती रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टाइप करायची.

प्रॉक्सी म्हणजे नेमके काय?

तुमचा संगणक आणि बाहेरचे इंटरनेट यांच्यामध्ये बसलेला एक सर्व्हर. तुमचा प्रोग्रॅम वेबसाइटशी थेट न बोलता प्रॉक्सीला सांगतो, प्रॉक्सी पुढे जोडणी करतो आणि आलेले उत्तर परत देतो. त्यासाठी प्रोग्रॅमला दोन गोष्टी माहीत असाव्या लागतात: प्रॉक्सीचा पत्ता आणि पोर्ट (त्या पत्त्यावर ती सेवा ज्या क्रमांकावर ऐकते तो). स्क्विड या प्रसिद्ध प्रॉक्सी सॉफ्टवेअरचा ठरलेला पोर्ट ३१२८ आहे, अनेक ठिकाणी ८०८० दिसतो, सॉक्स प्रॉक्सीसाठी १०८० रूढ आहे. तुमच्या जाळ्यात कोणता आहे ते नेटवर्क सांभाळणाऱ्यांनाच विचारा. अंदाजाने पोर्ट टाकून बघण्यात वेळच जातो.

सिस्टिमच्या सेटिंगमध्ये एकदा प्रॉक्सी भरला की सगळ्या प्रोग्रॅमना लागू होतो ना?

नाही, आणि सगळा घोळ इथेच आहे. ‘सिस्टिम प्रॉक्सी’ हे नाव ऐकून वाटते की ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक प्रोग्रॅमची वाहतूक पकडून प्रॉक्सीकडे वळवत असेल. तसे काही होत नाही. ते सेटिंग म्हणजे भिंतीवर लावलेला सूचनाफलक आहे. ज्याला वाचायचा तो वाचतो. न वाचणाऱ्याला कोणी अडवत नाही.

त्यात फलकही एकापेक्षा जास्त. विंडोजमध्ये युजरचा वेगळा आणि सर्व्हिसेसचा वेगळा. मॅकमध्ये वाय-फायचा वेगळा, केबलचा वेगळा. लिनक्समध्ये डेस्कटॉपचा एक, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचा (प्रोग्रॅम सुरू होताना त्याला मिळणाऱ्या नाव-मूल्याच्या नोंदींचा) दुसरा. शिवाय गिट, जावा, डॉकर अशा मंडळींच्या खासगी वह्या आहेतच. म्हणून ‘प्रॉक्सी लावला तरी चालत नाही’ अशी तक्रार आली की पहिला प्रश्न हाच विचारायचा: अडलेला प्रोग्रॅम प्रॉक्सीची माहिती कुठून वाचतो?

विंडोजमध्ये सेटिंग कुठे असते?

सेटिंग्ज उघडा, ‘नेटवर्क अँड इंटरनेट’मध्ये जा, तिथे ‘प्रॉक्सी’. तीन पर्याय दिसतील: आपोआप शोधणे, सेटअप स्क्रिप्टचा पत्ता देणे, आणि हाताने पत्ता व पोर्ट भरणे. ही माहिती रजिस्ट्रीत सध्याच्या युजरच्या नावे साठते. म्हणजे त्याच संगणकावर दुसऱ्या खात्याने लॉगिन केले तर त्याला यातले काहीही दिसणार नाही. संगणकावरच्या सगळ्या खात्यांना एकच सेटिंग हवे असेल तर ग्रुप पॉलिसीत प्रॉक्सी ‘पर-मशीन’ करण्याची सोय आहे. अनेक जण वापरत असलेल्या संगणकावर तीच करावी, नाहीतर प्रत्येक नव्या खात्यागणिक तेच काम पुन्हा करावे लागते.

ब्राउझर व्यवस्थित चालतो, पण बॅकग्राउंडला चालणारी सर्व्हिस बाहेर पोहोचत नाही. का?

विंडोजमध्ये इंटरनेटशी बोलणारे दोन घटक आहेत: विनआयनेट आणि विनएचटीटीपी. वर सांगितलेली सेटिंग्जची खिडकी पहिल्यासाठी आहे. बॅकग्राउंडला सिस्टिमच्या खात्यावर चालणाऱ्या सर्व्हिसेस सहसा दुसरा वापरतात, आणि त्याचे हाताने केलेले सेटिंग वेगळ्या जागी असते. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ‘नेटएसएच विनएचटीटीपी शो प्रॉक्सी’ ही कमांड द्या. उत्तरात ‘डायरेक्ट ॲक्सेस’ असे आले तर त्या घटकाला प्रॉक्सीचा पत्ताच नाही. ‘शो’ऐवजी ‘सेट’ वापरून पत्ता देता येतो, युजरचे सेटिंग उचलायचे तर ‘इम्पोर्ट प्रॉक्सी सोर्स=आयई’, आणि सगळे पुसायला ‘रीसेट प्रॉक्सी’.

इम्पोर्ट ही एका वेळेची नक्कल असते. पुढे युजरचे सेटिंग बदलले तरी इथे जुनेच राहते, आणि सहा महिन्यांनी प्रॉक्सीचा पत्ता बदलला की हेच विसरलेले असते.

मॅकवर काय वेगळे आहे?

सिस्टिम सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग वाय-फाय किंवा इथरनेट, मग ‘डिटेल्स’ आणि त्यात ‘प्रॉक्सीज’. सेटिंग प्रत्येक जोडणीचे स्वतंत्र असते. वाय-फायला प्रॉक्सी लावला आणि नंतर केबल जोडली, तर केबलच्या नावे काहीच भरलेले नसते. वेब प्रॉक्सी आणि सुरक्षित वेब प्रॉक्सी हे दोन रकानेही वेगळे आहेत. फक्त पहिला भरला तर एचटीटीपीएस वाहतूक थेट जाते, आणि आजच्या जवळजवळ सगळ्या साइट एचटीटीपीएसवरच आहेत.

टर्मिनलमधून काम करायचे असेल तर ‘नेटवर्कसेटअप’ ही कमांड हीच सेटिंग्ज बदलते, आणि ‘एससीयूटिल --प्रॉक्सी’ या क्षणी प्रत्यक्षात काय लागू आहे ते दाखवते. खिडकीत दिसते त्यापेक्षा या दुसऱ्या कमांडवर विश्वास ठेवा.

लिनक्सवर?

ग्नोम या डेस्कटॉपमध्ये सेटिंग्जच्या नेटवर्क विभागात प्रॉक्सी मिळतो, केडीईची स्वतःची खिडकी आहे. ग्राफिकल ॲप बहुतांशी हे वाचतात. क्रोम आधी डेस्कटॉपचे सेटिंग बघतो, आणि डेस्कटॉप ओळखीचा नसेल तर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलकडे वळतो. टर्मिनलमधली साधने मात्र प्रामुख्याने व्हेरिएबलच बघतात. यात एक गंमत आहे: ग्नोम टर्मिनल उघडताना डेस्कटॉपचे सेटिंग स्वतःहून व्हेरिएबलमध्ये भरते, बाकी अनेक टर्मिनल तसे करत नाहीत. त्यामुळे एकाच संगणकावर एका खिडकीत कमांड चालते आणि शेजारच्या खिडकीत तीच अडते.

सर्व युजरसाठी व्हेरिएबल ठेवण्याची रूढ जागा म्हणजे ‘/ईटीसी/एन्व्हायर्नमेंट’ ही फाइल. ती शेल स्क्रिप्ट नाही. प्रत्येक ओळीवर नाव, बरोबरचे चिन्ह आणि मूल्य, एवढेच. शेलसारखी डॉलरची करामत तिथे चालत नाही. बदल केल्यावर बाहेर पडून पुन्हा लॉगिन करा. ही फाइल संगणकावरच्या कोणालाही वाचता येते, तेव्हा तिच्यात पासवर्ड लिहू नका.

व्हेरिएबलची नावे कोणती? लहान लिपीत की मोठ्या?

‘एचटीटीपी_प्रॉक्सी’, ‘एचटीटीपीएस_प्रॉक्सी’, ‘ऑल_प्रॉक्सी’ आणि वगळायच्या पत्त्यांसाठी ‘नो_प्रॉक्सी’. याचे लिखित मानक कधी ठरलेच नाही, त्यामुळे काही साधने लहान अक्षरे बघतात, काही मोठी, काही दोन्ही. व्यवहारात दोन्ही रूपांत तेच मूल्य ठेवतात.

एक अपवाद जाणून घ्यावा. कर्ल (टर्मिनलमधून वेब विनंती पाठवणारे साधन) मोठ्या अक्षरांतले ‘एचटीटीपी_प्रॉक्सी’ मुद्दाम दुर्लक्षित करते. सीजीआय पद्धतीच्या वेब प्रोग्रॅमला विनंतीतला प्रत्येक हेडर (विनंतीसोबतची माहितीची ओळ) मोठ्या अक्षरांत, नावाआधी ‘एचटीटीपी_’ लावून व्हेरिएबल म्हणून मिळतो. कोणी ‘प्रॉक्सी’ नावाचा हेडर पाठवला तर नेमके हेच नाव तयार होते आणि सर्व्हरची बाहेर जाणारी वाहतूक परक्याच्या हाती जाऊ शकते. २०१६ च्या जुलैमध्ये ‘एचटीटीपॉक्सी’ या नावाने हा दोष गाजला. कर्लला लहान अक्षरेच हवी असतात ती यासाठी.

‘एचटीटीपीएस_प्रॉक्सी’चे मूल्य ‘एचटीटीपी://’ने सुरू होते. ही चूक आहे का?

चूक नाही. व्हेरिएबलचे नाव सांगते कोणत्या साइटसाठी. मूल्य सांगते प्रॉक्सीशी कसे बोलायचे. बहुतेक प्रॉक्सी साध्या एचटीटीपीवर ऐकतात. प्रोग्रॅम त्यांना ‘कनेक्ट’ ही विनंती करतो, प्रॉक्सी मार्ग मोकळा करतो, आणि त्या मार्गातून एन्क्रिप्ट केलेली वाहतूक जाते. प्रॉक्सीला साइटचे नाव आणि पोर्ट कळतो, आतला मजकूर सहसा कळत नाही. उगाच ‘एस’ जोडून ‘दुरुस्ती’ केली की जोडणी तुटते.

सुडो लावले की प्रॉक्सी नाहीसा होतो.

सुडो (ॲडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणारे साधन) सुरक्षेसाठी व्हेरिएबल पुसून टाकते. तात्पुरते काम ‘सुडो -ई’ने भागते (मोठी ‘ई’). कायमचे हवे असेल तर ‘व्हीसुडो’ने सेटिंग उघडून ‘एन्व्ह_कीप’च्या यादीत प्रॉक्सीची नावे घाला. पॅकेज मॅनेजरपुरता प्रश्न असेल तर हे करूच नका. एपीटीच्या ‘एपीटी.कॉन्फ.डी’ या फोल्डरमध्ये ‘ॲक्वायर’ची ओळ किंवा डीएनएफच्या ‘डीएनएफ.कॉन्फ’मध्ये ‘प्रॉक्सी=’ ही ओळ लिहा. तिथे सुडोचा संबंधच येत नाही.

सिस्टिमडीच्या सर्व्हिसला आणि डॉकरला प्रॉक्सी कसा द्यायचा?

सिस्टिमडीने (लिनक्सवर सर्व्हिसेस सुरू करणाऱ्या व्यवस्थेने) सुरू केलेली सर्व्हिस तुमच्या लॉगिनमधून जन्मत नाही, म्हणून तुमची व्हेरिएबल तिला मिळत नाहीत. ‘सिस्टिमसीटीएल एडिट’ आणि पुढे सर्व्हिसचे नाव अशी कमांड द्या, ‘सर्व्हिस’ विभागात ‘एन्व्हायर्नमेंट=’ची ओळ लिहा, जतन करा आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. या फाइलमध्ये टक्क्याच्या चिन्हाला खास अर्थ असतो. पासवर्डमध्ये ‘%४०’ असे काही असेल तर ‘%%४०’ लिहावे लागते. ही खाच माहीत नसेल तर पासवर्ड बरोबर असूनही तो नाकारला का जातो, हे शोधण्यात अख्खी दुपार जाऊ शकते.

डॉकरच्या (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या साधनाच्या) बाबतीत दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. इमेज खाली उतरवण्याचे काम डॉकरची मुख्य सर्व्हिस करते, तिला वरच्या पद्धतीने किंवा तिच्या ‘डीमन.जेसन’ फाइलमधून प्रॉक्सी द्यायचा. कंटेनरच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमला मात्र युजरच्या होममधल्या डॉकर फोल्डरातली ‘कॉन्फिग.जेसन’ फाइल लागते. आणि प्रॉक्सी तुमच्याच संगणकावर चालत असेल तर कंटेनरमध्ये १२७.०.०.१ हा पत्ता कामाचा नाही. तिथे तो पत्ता म्हणजे खुद्द कंटेनर.

गिट, जावा, पायथन यांचे काय?

गिट व्हेरिएबल वाचते, शिवाय त्याच्या कॉन्फिगमध्ये ‘एचटीटीपी.प्रॉक्सी’ हे स्वतःचे सेटिंग आहे. रिपॉझिटरीचा पत्ता एसएसएचचा असेल तर या दोन्हींचा उपयोग नाही. तिथे एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये ‘प्रॉक्सीकमांड’ लागते, नाहीतर सरळ एचटीटीपीएसचा पत्ता वापरा.

जावा व्हेरिएबलकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याला सुरू करताना ‘एचटीटीपी.प्रॉक्सीहोस्ट’, ‘एचटीटीपीएस.प्रॉक्सीहोस्ट’ आणि त्यांचे पोर्ट द्यावे लागतात. सिस्टिमचे सेटिंग वाचण्याची सोय आहे, पण ती मुळात बंद असते, ‘जावा.नेट.यूजसिस्टिमप्रॉक्सीज’ला ‘ट्रू’ करावे लागते. पायथनची प्रमाण लायब्ररी उलट टोकाची: आधी व्हेरिएबल बघते, ती नसतील तर विंडोजची रजिस्ट्री किंवा मॅकचे सेटिंगही वाचते. मला पायथनची पद्धत जास्त समंजस वाटते, पण तिच्यामुळेच कधीकधी ‘मी तर प्रॉक्सी दिलाच नव्हता’ असा धक्का बसतो.

फायरफॉक्समध्ये सिस्टिमचे सेटिंग वापरा किंवा स्वतःचे, असा पर्याय आहे. सगळे ब्राउझर एक सांगतात आणि फायरफॉक्स दुसरेच सांगतो तेव्हा तिथे बघा.

वगळण्याच्या यादीत काय लिहायचे?

किमान ‘लोकलहोस्ट’, १२७.०.०.१, ::१ आणि आतल्या जाळ्यातल्या सर्व्हरची डोमेन. नाहीतर तुमच्याच संगणकावर चालणाऱ्या प्रोग्रॅमला पाठवलेली विनंती प्रॉक्सीकडे जाते, आणि प्रॉक्सी ती स्वतःच्या १२७.०.०.१ वर शोधत बसतो.

लिहायचे कसे, हे मात्र जागेनुसार बदलते. विंडोजमध्ये पत्ते अर्धविरामाने तोडतात आणि तारांकन चालते. ठिपका नसलेली साधी आतली नावे वगळण्यासाठी वेगळी चौकट असते. ‘नो_प्रॉक्सी’त स्वल्पविराम, आणि स्वल्पविरामानंतर जागा सोडू नका, कारण काही साधने त्या जागेसकट नाव धरतात. जावामध्ये उभी रेघ. ‘नो_प्रॉक्सी’त तारांकनाने सुरू होणारे डोमेन काही साधनांना कळते, काहींना नाही, नुसते डोमेन लिहिले तर बहुतेकांना त्याची उपडोमेनही कळतात.

‘१०.०.०.०/८’सारखा पत्त्यांचा पट्टा लिहायचा मोह होतो. गो भाषेतली साधने तो समजतात, कर्ल ७.८६.० या आवृत्तीपासून समजते, डब्ल्यूगेट समजत नाही. आणि समजणारी साधनेसुद्धा सहसा विनंतीत अंकी पत्ता असेल तेव्हाच तो पट्टा तपासतात. तुम्ही नावाने विनंती केली आणि ते नाव त्या पट्ट्यातल्या पत्त्याचे निघाले, तरी ती प्रॉक्सीकडेच जाते. म्हणून आतली डोमेन नावानेच लिहा. पट्टा सोबतीला असू दे.

पॅक फाइल कशासाठी?

कोणता पत्ता थेट आणि कोणता प्रॉक्सीतून, हे ठरवणारी छोटी जावास्क्रिप्ट फाइल. नेटस्केपने १९९६ मध्ये आणली, आजही सगळे प्रमुख ब्राउझर वाचतात. तिच्यात ‘फाइंडप्रॉक्सीफॉरयूआरएल’ नावाचे एक फंक्शन असते, ते ‘प्रॉक्सी अमुक:८०८०; डायरेक्ट’ अशा रूपात उत्तर देते. शेवटच्या ‘डायरेक्ट’चा अर्थ असा की प्रॉक्सी मिळाला नाही तर थेट जा. सोयीचे आहे, पण वाहतूक प्रॉक्सीतूनच जायला हवी असा दंडक असेल तर ते नको.

फाइल वेब सर्व्हरवर ठेवा. संगणकावरच्या फाइलचा पत्ता विंडोज १० पासून सिस्टिमच्या पातळीवर धरला जात नाही. फंक्शनमध्ये डीएनएस शोधणारे घटक कमीत कमी वापरा. प्रत्येक विनंतीला नावाचा शोध घ्यावा लागला की पाने रेंगाळतात आणि दोष नेटवर्कवर येतो. टर्मिनलमधली बहुतेक साधने, कर्लसुद्धा, पॅक वाचत नाहीत. त्यांना साधा पत्ताच द्यावा लागतो.

‘आपोआप शोधा’ चालू ठेवू का?

गरज नसेल तर बंद ठेवा. डब्ल्यूपॅड या पद्धतीत संगणक डीएचसीपीच्या २५२ क्रमांकाच्या पर्यायातून किंवा ‘डब्ल्यूपॅड’ नावाच्या सर्व्हरकडून पॅक फाइल मागतो. ती देणारा खरा कोण, याची खातरजमा होत नाही. अनोळखी वाय-फायवर कोणीही उत्तर देऊन तुमची वाहतूक आपल्याकडे वळवू शकतो. जाळे सांभाळणाऱ्यांनी ही पद्धत खरोखर राबवली असेल तेव्हाच ती चालू ठेवण्यात अर्थ आहे.

४०७ ही एरर येते.

प्रॉक्सी ओळख मागतो आहे. पत्त्यातच ‘नाव:पासवर्ड@’ असे देता येते, पण पासवर्डमधली खास चिन्हे सांकेतिक रूपात लिहावी लागतात: @ साठी %४०, # साठी %२३. हा पासवर्ड साध्या पद्धतीने प्रॉक्सीपर्यंत जातो तेव्हा एन्क्रिप्ट झालेला नसतो, शिवाय शेलच्या इतिहासात आणि प्रोसेसच्या यादीत उमटू शकतो.

प्रॉक्सी एनटीएलएम किंवा केर्बेरॉस या पद्धतीने ओळख मागत असेल तर नुसत्या व्हेरिएबलने भागत नाही. ब्राउझर हे आपोआप करतो, कर्लला वेगळा पर्याय द्यावा लागतो, आणि अनेक साधनांना ते जमतच नाही. अशा वेळी सीएनटीएलएमसारखा छोटा मध्यस्थ आपल्याच संगणकावर चालवतात: साधने त्याच्याशी बिनापासवर्ड बोलतात, तो पुढे मुख्य प्रॉक्सीला ओळख देतो.

प्रॉक्सी लावल्यावर सर्टिफिकेटच्या एरर येऊ लागल्या.

काही संस्थांचे प्रॉक्सी एचटीटीपीएस वाहतूक उघडून तपासतात आणि साइटच्या जागी स्वतःचे सर्टिफिकेट देतात. त्यासाठी संस्थेचे रूट सर्टिफिकेट संगणकावर बसवावे लागते. प्रॉक्सीसारखाच हाही प्रकार: जावाचा विश्वासार्ह सर्टिफिकेटांचा संच वेगळा, पायथनच्या अनेक लायब्ररींचा वेगळा, नोड या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनाला ‘नोड_एक्स्ट्रा_सीए_सर्ट्स’ हे व्हेरिएबल लागते. सर्टिफिकेटची तपासणीच बंद करून टाकण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो मानू नका. तसे केले की मध्ये कोणीही बसला तरी तुम्हाला कळणार नाही.

सॉक्स प्रॉक्सी वेगळा असतो का?

हो. तो एचटीटीपी समजून घेत नाही, कोणतीही टीसीपी जोडणी पुढे नेतो. सॉक्स ५ मध्ये यूडीपीचीही तरतूद आहे. कर्लमध्ये ‘सॉक्स५://’ लिहिले तर साइटचे नाव तुमचाच संगणक शोधतो, ‘सॉक्स५एच://’ लिहिले तर प्रॉक्सी शोधतो. आतल्या डीएनएसला बाहेरची नावे माहीत नसतील तर ‘सॉक्स५एच://’च हवे.

पिंग जात नाही, म्हणजे प्रॉक्सी बंद आहे?

नाही. पिंग आयसीएमपीवर चालतो, प्रॉक्सीला त्याचे काही देणेघेणे नाही. ‘एनएसलुकअप’ अडले तरी घाबरू नका, कारण एचटीटीपी प्रॉक्सी असताना बाहेरची नावे तोच शोधतो. खरी चाचणी कर्लची: ‘-व्ही’ (लहान ‘व्ही’) हा पर्याय देऊन कोणताही एचटीटीपीएस पत्ता मागा. सुरुवातीलाच प्रॉक्सीचा पत्ता आणि ‘कनेक्ट’ची ओळ दिसली तर विनंती प्रॉक्सीकडे गेली. थेट साइटच्या पत्त्याशी जोडणी दिसली तर कर्लला प्रॉक्सी मिळालाच नाही.

प्रॉक्सी न मानणाऱ्या प्रोग्रॅमला जबरदस्ती करता येते का?

लिनक्सवर ‘प्रॉक्सीचेन्स’ प्रोग्रॅमच्या जोडण्या अडवून वळवते, पण गोमध्ये लिहिलेल्या किंवा स्टॅटिक बांधणीच्या प्रोग्रॅमवर तिचा उपाय चालत नाही. खरोखर सगळी वाहतूक वळवायची असेल तर ती नेटवर्कच्या पातळीवर पकडावी लागते, म्हणजे टन२सॉक्ससारखे साधन किंवा व्हीपीएन. संस्थेच्या जाळ्यात हे करण्याआधी परवानगी घ्या.

अचानक इंटरनेट बंद पडले, आणि सेटिंगमध्ये १२७.०.०.१ दिसते. मी तर काही केले नव्हते.

तुमच्याच संगणकावरचा एखादा प्रोग्रॅम स्वतःला सिस्टिम प्रॉक्सी म्हणून लावून गेला आणि बंद पडताना सेटिंग मागे घ्यायला विसरला. फिडलरसारखी वाहतूक तपासणारी साधने हेच करतात; त्याचा ठरलेला पोर्ट ८८८८. जाहिराती अडवणारे आणि काही अँटिव्हायरस प्रोग्रॅमही करतात. प्रॉक्सीची खूण काढली की इंटरनेट परत येते. काढल्यावरही ती पुन्हा पुन्हा लागत असेल, आणि असे कोणतेही साधन तुम्ही बसवलेले नसेल, तर मालवेअरची शंका घ्या आणि संगणक तपासून घ्या.

लॅपटॉप ऑफिसमध्येही वापरतो, घरीही. रोज बदलत बसू?

मॅकवर ‘लोकेशन’ करून ठेवा, दोन्ही ठिकाणची सेटिंग्ज एका झटक्यात बदलतात. विंडोजवर पॅक फाइलचा पत्ता द्या. ती फाइल फक्त ऑफिसच्या जाळ्यातच मिळत असेल तर घरी ब्राउझर तिची थोडी वाट पाहून सहसा थेट जातो. टर्मिनलसाठी शेलच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये दोन छोटी फंक्शन लिहा, एक व्हेरिएबल लावणारे आणि एक पुसणारे. पुसताना लहान आणि मोठ्या अक्षरांतली दोन्ही रूपे ‘अनसेट’ करा, आणि गिटच्या कॉन्फिगमध्ये कधी प्रॉक्सी लिहिला असेल तर तोही काढा. आधीच उघडलेल्या खिडक्या आणि एडिटर जुनीच मूल्ये धरून बसतात, ते बंद करून पुन्हा उघडावे लागतात.